नदीकाठच्या चिबड, पाणी साचून राहणाऱ्या जागेवर बाग करताना: आधी पाण्याची जागा आखा

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला खाम नदीच्या काठाने, बीडला बिंदुसरेच्या किंवा जालन्यात कुंडलिकेच्या काठाने चालत जा. पात्र कोरडं, दगड तापलेले, आणि मध्येच एखादा हिरवागार तुकडा लागतो. लव्हाळा, पाणकणीस, त्यात बसलेल्या म्हशी आणि वरून ओरडत जाणारी टिटवी. गावाच्या लेखी ही पडीक, घाण जागा असते. मग कधीतरी तिथे बाग करायचं ठरतं आणि पहिलं काम निघतं ते मुरुमाच्या भरावाचं. शेकडो हायवा मुरूम पडतो, नदीच्या बाजूने भिंत उठते, आत लॉन आणि कारंजं येतं.

अशी एक बाग मी तिसऱ्या पावसाळ्यात पाहिली आहे. भिंतीमुळे नदीचं पाणी आत आलं नाही, पण मागच्या वस्तीतून उतरणारं पाणी भिंतीला अडून आतच तुंबलं. महिनाभर लॉन पाण्याखाली होतं. जागा तीच होती, पाणीही तेच होतं, फक्त पाण्याला जायला वाट ठेवलेली नव्हती.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो. आधी पाण्याला जागा द्यायची, उरलेल्या उंच भागात माणसांना, आणि त्यातही सगळ्यात उंच, कोरड्या, स्वच्छ तुकड्यावर भाजीचे वाफे. वॉर्डातली मंडळी, नगरसेवक, वास्तुरचनाकार, महाविद्यालयातला एखादा गट, कुणीही हे काम अंगावर घेणार असेल तर हा क्रम मोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मृगापासून मृगापर्यंत नुसतं पाहा

एक पूर्ण वर्ष जागा पाहिल्याशिवाय नकाशावर रेघ मारू नका. मराठवाड्याचा पाऊस सरासरीने सुमारे ६८० मिलिमीटर, पण तो सरासरीने कधीच पडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात नद्यांनी शेतं खरवडून नेली. बाग या दोन्ही वर्षांत टिकायला हवी.

पाहणीसाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. काठापासून वरच्या रस्त्यापर्यंत एका रेषेत आठ-दहा लाकडी खुंट ठोका, त्यावर फुटाफुटाला रंगाचे पट्टे मारा आणि शाळेतल्या मुलांकडे वही द्या. कुठल्या खुंटापाशी पाणी किती दिवस उभं राहिलं, एवढंच लिहायचं. गिरमिटाने चार ठिकाणी पाच-सहा फुटांची भोकं पाडून त्यात सच्छिद्र प्लास्टिकचा पाइप उभा करा, वर टोपण लावा आणि दर पंधरवड्याला जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते मोजा. बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मागच्या पुराची उंची फुकटात सांगतात. त्यावर म्हाताऱ्या माणसांची आठवण. बीडमध्ये १९८९ च्या जुलैतल्या पुराबद्दल विचारा, पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आलं होतं हे लोक बोट ठेवून दाखवतात.

याच वर्षात तिथे कोण येतं तेही टिपा. म्हशी चारणारे, मासे धरणारे, पोळ्याला बैल धुवायला आणणारे, घटस्थापनेला माती न्यायला येणाऱ्या बायका. ही मंडळी त्या जागेचे जुने वापरकर्ते आहेत. बागेला कुंपण पडल्यावर त्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर आराखड्यातच असायला हवं. म्हशींसाठी बागेबाहेरून पाण्याकडे उतरणारी वेगळी दगडी वाट ठेवली की पुढची निम्मी भांडणं टळतात.

उन्हाळ्यातलं पाणी कुणाचं?

हा प्रश्न मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. आपल्या लहान नद्या संक्रांतीनंतर वाहत नाहीत. तरीही शहरातला एखादा तुकडा मे महिन्यात हिरवा आणि ओला असेल तर ते पाणी बहुतेक वेळा नाल्याचं, म्हणजे घराघरातल्या मोरीचं आणि संडासाचं असतं. याचे दोन अर्थ निघतात.

पहिला अर्थ, तिथला गाळ संशयास्पद धरायचा. पाणी आणि गाळ दोन्ही तपासून घ्या. पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी (बीओडी) आणि मैलाजन्य जिवाणू पाहायचे, गाळात शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल. वरच्या बाजूला गॅरेज, बॅटरीची दुकानं, मुलामा देण्याचे कारखाने किंवा भंगाराचा बाजार असेल तर धातूंची तपासणी चुकवूच नका. नेहमीच्या माती परीक्षणात सामू (पीएच), क्षार, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं कळतात, जड धातू कळत नाहीत. त्यासाठी वेगळी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गाठावी लागते.

दुसरा अर्थ अधिक अवघड आहे. उद्या महापालिकेने नाला वळवून मलनिस्सारण केंद्राकडे नेला, तर ती दलदल दोन उन्हाळ्यांत वाळून जाईल. तेव्हा नाला वळवतानाच शुद्ध केलेल्या पाण्याचा काही वाटा परत या जागेला मिळेल, हे लेखी ठरवून घ्या.

"पाणवनस्पतींनीच नाला शुद्ध करू" असं सांगणारे बरेच भेटतात. कर्दळ, पाणकणीस, देवनळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून सांडपाणी हळूहळू सोडलं तर ते खरंच सुधारतं, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण हिशेब करा. घरगुती सांडपाण्यासाठी माणशी दोन-तीन चौरस मीटर तरी वाफा धरावा लागतो. पाच हजार वस्तीच्या नाल्याला निदान एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, नुसता वाफाच झाला. तुमची सगळी जागा चार एकर असेल तर बाग कुठे करणार? म्हणून मोठा नाला नळातून केंद्राकडेच जायला हवा. पाणवनस्पतींचा वाफा आधीच शुद्ध होऊन आलेल्या पाण्याला शेवटचा हात फिरवायला, किंवा बागेतल्या शौचालयापुरता आणि शेजारच्या दहा-वीस घरांपुरता ठेवा.

कागद

कामाला हात लावण्याआधी चार कागद हातात असू द्या: सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा, विकास आराखड्यातलं आरक्षण, जलसंपदा विभागाची पूररेषा आणि झाडांची यादी.

महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. नदी आणि निळी रेषा यांच्यातला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान असा मोकळा वापर चालतो, इमारत चालत नाही. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत नदीचं मुख्य पात्र मोडत नाही. पण शेजारची जागा पाणथळ म्हणून अधिसूचित असेल, तर हे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, ती वेडी बाभूळ असली तरी आधी विचारून घ्या.

तीन पट्टे आखा

वर्षभराच्या वहीवरून नकाशावर तीन रंग भरता येतात. वर्षातले चार महिने किंवा जास्त पाणी असतं तो पाण्याचा पट्टा. पावसाळ्यात काही दिवस बुडतो तो पाण्याच्या येण्याजाण्याचा. निळ्या रेषेच्या वरचा, सहसा न बुडणारा, तो वरचा पट्टा.

पाण्याच्या पट्ट्यात माणसाने फक्त कडेने पाहायचं. येण्याजाण्याच्या पट्ट्यात गवताळ मैदान, मुलांना खेळायची जागा, झाडांखालचे दगडी कट्टे, म्हणजे बुडालं तरी धुऊन पुन्हा वापरता येईल असंच सगळं. शौचालय, विजेची पेटी, अवजारांची खोली आणि भाजीचे वाफे वरच्या पट्ट्यात. माझा स्वतःचा नियम असा आहे की पाण्याचा पट्टा एकूण जागेच्या निम्म्याहून कमी झाला तर आराखडा परत काढायचा. लोकांना सुरुवातीला हे जास्त वाटतं. पण जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, खंड्या, वंचक हे सगळे त्याच निम्म्या भागामुळे येतात, आणि पहाटे फिरायला येणारी माणसं त्यांच्यासाठीच पुन्हा पुन्हा येतात.

मातीकाम

बाहेरून भराव आणायचा नाही. बाहेरून आलेली प्रत्येक ब्रास (शंभर घनफूट) माती पुराच्या तेवढ्या पाण्याची जागा खाते, आणि ते पाणी समोरच्या वस्तीत शिरतं. जागेतलीच माती जागेत फिरवा. एक एकर भाग एक फूट खोल केला तर सुमारे ४३५ ब्रास माती निघते. तीच माती दहा गुंठ्यांवर रचली तर चार फुटांचा उंचवटा होतो. खाली पाण्याला जास्त जागा मिळते, वर बसायला टेकाड मिळतं. मात्र गाळात धातू निघाले असतील तर तो गाळ फक्त झाडांच्या टेकाडाखाली घाला, वर फूटभर चांगली माती पसरा आणि त्यावर गवत धरा. भाजीच्या वाफ्यात त्यातलं एक घमेलंसुद्धा जाता कामा नये.

काम फेब्रुवारी ते मे या काळातच होतं, काळी माती ओली असताना जेसीबी रुतून बसतो. अडचण एवढीच की टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर अंडी घालू लागते. रोज सकाळी यंत्र सुरू होण्याआधी एका माणसाने जागा पायाखाली घालायची आणि अंडी दिसली तिथे चुन्याने मोठं वर्तुळ मारून तो भाग पिल्लं निघेपर्यंत सोडायचा. ऑपरेटरला एकदा अंडी दाखवली की पुढे तोच जपतो, हा माझा अनुभव आहे.

काठाला उतार द्या. एक फूट उंचीला तीन फूट आडवं, जागा असेल तर पाच. उभा काठ काळ्या मातीत टिकत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात भेगांत पाणी शिरून ढपलेच्या ढपले सुटतात. उतारावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्या माराव्यात आणि जाळीच्या छिद्रांतून वाळा, हरळी, मारवेल लावावं. सिमेंटची भिंत फक्त पुलाजवळ, जिथे प्रवाह आदळतो तिथे.

काढायचं काय, लावायचं काय

आधी बेशरमाची झुडपं काढा. तोडून तिथेच टाकलेल्या कांड्या चिखलात पुन्हा मुळं धरतात, म्हणून मुळासकट उपटून वर, तापलेल्या मुरुमावर पंधरा दिवस वाळवा. मे महिना यासाठीच चांगला. वेडी बाभूळ नुसती कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, जमिनीखालचा गड्डा काढावाच लागतो. सगळी एकदम काढू नका, नाहीतर पक्ष्यांचा आसरा एका दिवसात जातो. तीन वर्षांत तीन तुकडे करा. जलपर्णी पावसाळ्याआधीच बाहेर ओढायची. तिचं खत होतं, पण ती पाण्यातले धातू शोषते, त्यामुळे ते खत झाडांना द्या, भाजीला नको.

पाण्याच्या कडेला वाळुंज, निर्गुंडी, शेवरी. त्यामागे करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. वर कडुनिंब, भोकर, पळस, चिंच. उथळ पाण्यात लव्हाळा आणि पाणकणीस बहुतेक आपोआप येतातच. पाणकणीस सगळं व्यापायला लागलं तर दरवर्षी एक तृतीयांश कापून काढायचं. रोपं मृगाच्या पहिल्या पावसानंतर लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायची तयारी ठेवा. त्यानंतर ज्यांची मुळं पाण्यापर्यंत पोचली ती झाडं तुमच्याकडे काही मागत नाहीत.

वाटा

काळ्या मातीवर थेट पेव्हर ब्लॉक बसवले तर दोन वर्षांत वाट सापासारखी वळते, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. दीड-दोन फूट माती काढून मुरूम दाबून भरा, वर बारीक खडी. पाणी खाली जिरतं, पूर आला तर वरचा थरच तेवढा नवा करावा लागतो. मुख्य वाट निदान दोन मीटर रुंद, आणि चढ बारा फुटांना एक फुटाहून जास्त नको, चाकाची खुर्ची जायला हवी. पाण्यावरून लाकडी किंवा लोखंडी पूलवाट करायची असेल तर तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले खोल खांब लागतात. इंजिनिअर त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसारख्या फुगणाऱ्या जमिनींसाठीच विकसित केली, आणि हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. यात काटकसर करू नका.

भाजीचे वाफे

आता माझ्या सगळ्यात जवळच्या भागाकडे येतो. आपल्या शहरांत राहणारी बरीच माणसं वावर सोडून आलेली आहेत. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या वेळ अमावास्येला, शहरं ओस पडतात, ज्याचं रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जाऊन भज्जी (मिसळ भाजी) आणि आंबील खातो. एका वस्तीच्या बैठकीत एक आजी मला म्हणाल्या होत्या, "लेकरा, गुंठाभर नको, वाकळंएवढी जागा दे. मेथी टाकते." वाफ्याचं माप मी तेव्हापासून खरोखर वाकळेवरूनच, म्हणजे गोधडीवरूनच ठरवतो.

वाफा १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब करा. रुंदी याहून जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचायला हवा. उंची ४० सेंटिमीटर. दोन वाफ्यांत दोन फुटांची वाट, आणि दर पाच वाफ्यांनंतर ढकलगाडी जाईल अशी चार फुटांची. काही वाफे अडीच फूट उंच बांधा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना आणि खुर्चीवरच्यांना काम करता येईल. कडेला शहाबादी फरशी उभी गाडली तर वर्षानुवर्षं टिकते. रंगवलेलं किंवा तेल पाजलेलं जुनं लाकूड नको, त्यातून विष मातीत उतरतं.

तळाशी माती झिरपू न देणारं जाड कापड, त्यावर चार बोटं खडी, मग मिश्रण: दोन भाग तपासलेली शेतातली काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा कच, एक भाग कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती घातली तर पावसाळ्यात वाफा चिबडतो. एका वाफ्याला साधारण अर्धा ब्रास मिश्रण लागतं, चाळीस वाफ्यांना वीस ब्रास.

पाणी नदीचं किंवा नाल्याचं नाही, हा नियम कुणासाठीही वाकवू नका. मे महिन्यात पालापाचोळ्याचं आच्छादन असलेल्या वाफ्याला दिवसाला सुमारे २५ लिटर लागतं, चाळीस वाफ्यांना हजार लिटर. अवजारांच्या खोलीला शंभर चौरस मीटरचं छप्पर असेल तर आपल्या सरासरी पावसात त्यावरून सुमारे ५४ हजार लिटर पाणी धरता येतं, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची सोय. उरलेल्यासाठी तपासलेली बोअर. टाकी वाफ्यांपेक्षा उंचावर ठेवा म्हणजे पाणी पंपाशिवाय उतारानेच जाईल. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहरींनी पाणी आणलं ते असंच उताराच्या जोरावर. टाक्या झाकलेल्या असू द्या, डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच वाढतो.

पिकं कोणती? पावसाळ्यात दोडका, कारलं, भेंडी, गवार, अंबाडी. दसऱ्यानंतर मेथी, कोथिंबीर, शेपू, चुका, पालक, वांगी, टोमॅटो. उन्हाळ्यात वाळूक, काकडी, तांदुळजा, आणि ज्याला जमणार नाही त्याने ताग पेरून वाफा झाकून ठेवावा. धातूंचा थोडाही संशय उरला असेल तर पालेभाज्या आणि मुळा-गाजर टाळा, ती सगळ्यात जास्त शोषतात. फळभाज्या त्यामानाने कमी.

वाटप चिठ्ठी टाकून करा, सगळ्यांसमोर. जवळच्या वस्तीला निदान निम्मे वाफे राखीव, विशेषतः ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांना. मुदत एक वर्ष, मृगाला सुरू. सलग दोन महिने वाफा तणात गेला तर एकदा सांगायचं, मग प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला द्यायचा. रासायनिक फवारा बंद, कारण एकाचा फवारा शेजाऱ्याच्या मेथीवर जातो. चार वाफे कुणाच्याही नावावर नकोत: एक अंगणवाडीचा, एक रोपांचा, दोन येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडून न्यायचे. चोरीच्या तक्रारी या शेवटच्या दोनांमुळे बऱ्याच कमी होतात. आणि येळवसेला सगळ्या वाफ्यांतलं थोडं थोडं घेऊन तिथेच भज्जी करा.

डास आणि साप

डासांच्या भीतीने लोक दलदल बुजवायला निघतात. वाहत्या, मासे-बेडूक असलेल्या पाण्यात डास फार होत नाहीत, ते होतात तुंबलेल्या गटारात आणि फुटक्या टायरात. गप्पी मासे बंद हौदातच सोडा, दलदलीत नको, ते मूळचे आपले नाहीत. सापांसाठी वाटांच्या कडेचं तीन फूट गवत कापलेलं ठेवा आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर फाटकावर लिहा.

पूर येऊन गेल्यावर

पूर येणारच आहे, म्हणून अंदाजपत्रकात दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च वेगळा लिहा. पाणी ओसरल्यावर आधी विजेची तपासणी, मग वाटा, मग कट्टे. लाल रेषेपर्यंत पाणी चढून वाफे बुडाले असतील तर उभी भाजी कुणीही घरी न्यायची नाही, उपटून खड्ड्यात. वाफ्यावरचा गाळाचा थर खरवडून टाका, माती उन्हात उलटीपालटी करा, पुन्हा तपासा आणि त्यानंतरच पेरा.

आणि खुंटांवरची वही बंद करू नका. दर ऑक्टोबरला त्या वर्षीची सगळ्यात वरची पाणपातळी फाटकाजवळच्या दगडी खांबावर सालासकट कोरा. एखाद्या वर्षी ती रेघ वाफ्यांच्या पायापर्यंत आली, तर पुढच्या मृगाआधी सगळ्यात खालची ओळ उचलून वर न्या.